हार्ड डिस्क नसलेली लॅब: नेटवर्क बूटच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४. मांडणी

काम असे: कॉलेजच्या लॅबमधल्या २० संगणकांच्या खराब होत चाललेल्या हार्ड डिस्क काढायच्या आणि सगळे संगणक एकाच सर्व्हरवरून, नेटवर्कने बूट करायचे. १२ संगणक जुने, बायोसवाले (बायोस म्हणजे संगणक सुरू करणारे बोर्डावरचे सॉफ्टवेअर, फर्मवेअर). ८ नवे, यूईएफआयवाले (फर्मवेअरची नवी पद्धत). रॅम प्रत्येकी ४ जीबी. सर्व्हरला चार कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी आणि दोन नेटवर्क कार्डे. एक कार्ड कॉलेजच्या राउटरकडे, दुसरे लॅबच्या २४ पोर्टांच्या गिगाबिट स्विचकडे. लॅबच्या बाजूचा पत्ता १९२.१६८.१०.२. स्विच मॅनेज्ड आहे, म्हणजे त्याच्या सेटिंग बदलता येतात, ही जमेची बाजू.

सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्स). डीएचसीपी (संगणकांना आयपी पत्ते वाटणे) आणि टीएफटीपी (बूटच्या फाइल साध्या पद्धतीने पाठवणे) ही दोन्ही कामे डीएनएसमास्क या प्रोग्रामकडे. त्याचे डीएनएसचे (नावांवरून पत्ते शोधण्याचे) काम पोर्ट शून्य लिहून बंद केले. संगणकांची रूट फाइलसिस्टिम, म्हणजे सिस्टिमचे मूळ फोल्डर, एनएफएसवर (नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणारी सोय).

राउटरचेच डीएचसीपी चालू ठेवून शेजारी प्रॉक्सी डीएचसीपी लावायचा पर्याय होता. घेतला नाही. प्रॉक्सीत पत्ता एक जण देतो आणि बूट फाइलचे नाव दुसराच, त्यासाठी संगणक पोर्ट ४०११ वर पुन्हा विचारतो. हे दुहेरी बोलणे सगळ्याच फर्मवेअरना नीट जमत नाही. लॅबचे स्वतंत्र सबनेट (नेटवर्कचा वेगळा भाग) हाताशी असताना ती कटकट हवी कशाला?

तपास करणाऱ्याने एक गोष्ट आधीच पाठ करावी. एका बूटमध्ये संगणक पत्ता एकदाच मागत नाही. आधी कार्डातला पीएक्सई रॉम (नेटवर्कवरून बूट करणारा कार्डातलाच प्रोग्राम) मागतो, मग आयपीएक्सई (त्याचे काम पुढे नेणारा, उतरवून घेतलेला बूट प्रोग्राम), मग इनिट्रॅमएफएस (कर्नलबरोबर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबर, येणारी सुरुवातीची छोटी सिस्टिम), आणि शेवटी चालू झालेल्या सिस्टिममधला नेटवर्क मॅनेजर. चार वेगळे प्रोग्राम. प्रत्येकाची कार्ड हाताळायची पद्धत वेगळी, वाट बघायची मुदतही वेगळी. त्यामुळे ‘नेटवर्क बूट होत नाही’ या वाक्यातून काहीच कळत नाही. पुढच्या प्रत्येक नोंदीत कुठला टप्पा अडला ते आधी लिहिले आहे.

४ जून. टप्पा: रॉम

संगणक क्र. १, बायोसवाला. ऑनबोर्ड लॅनचा बूट रॉम सेटअपमध्ये जाऊन चालू केला (बहुतेक बोर्डांवर तो बंदच असतो) आणि बूटच्या क्रमात लॅन पहिले ठेवले. पडद्यावर बराच वेळ ठिपके, मग पीएक्सई-ई५१: डीएचसीपीची एकही ऑफर आली नाही.

सर्व्हरच्या लॅबकडच्या कार्डावर टीसीपीडंप (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) लावून डीएचसीपीचे पोर्ट ६७ आणि ६८ पाहिले. शुकशुकाट. मागणीच पोचत नसेल तर डीएनएसमास्कची फाइल उघडून बसण्यात अर्थ नाही. तीच केबल लॅपटॉपला लावली, तर अर्ध्या मिनिटाने पत्ता मिळाला. म्हणजे केबल ठीक, पोर्ट ठीक, डीएचसीपी ठीक. खुपतो आहे तो अर्ध्या मिनिटाचा उशीर.

स्विचच्या पोर्टाचा दिवा जवळून पाहिल्यावर उलगडा झाला. संगणक चालू झाला की दिवा नारिंगी, आणि तो हिरवा व्हायला ३० सेकंद. हा स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमध्ये फेरा तयार होऊ नये म्हणून स्विच घेतो ती खबरदारी. नव्याने जोडलेला पोर्ट स्विच आधी १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो. तोवर संगणकाचे एकही पॅकेट पुढे जात नाही. पीएक्सई रॉम पत्ता मागतो तो ४, ८, १६ आणि ३२ सेकंदांच्या मुदतीने. म्हणजे मागण्या बाहेर पडतात शून्याव्या, चौथ्या, बाराव्या आणि अठ्ठाविसाव्या सेकंदाला. चारही मागण्या तिसाव्या सेकंदाच्या आत! शेवटचे ३२ सेकंद रॉम नुसताच वाट बघतो आणि ६० व्या सेकंदाला हात टेकतो. दोन सेकंदांनी हुकते, पण दर वेळी हुकते.

उपाय: सर्व्हरचा आणि दुसऱ्या स्विचकडे जाणारा पोर्ट सोडून बाकी सगळे पोर्ट एज पोर्ट केले, म्हणजे ते वाट न बघता लगेच चालू होतात. काही स्विचच्या मेनूत यालाच पोर्टफास्ट म्हणतात. स्पॅनिंग ट्री सरसकट बंद करू नये. लॅबमध्ये कोणीतरी एकाच केबलची दोन्ही टोके स्विचला लावतोच, आणि मग अख्खे नेटवर्क झोपते.

हे फक्त रॉमपुरते नाही. आयपीएक्सई आणि नंतर कर्नल कार्ड ताब्यात घेताना लिंक एकदा खाली जाऊन वर येते आणि स्विचची ३० सेकंदे पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. रॉम पार पडला पण इनिट्रॅमएफएसला पत्ता मिळेना, अशी तक्रार असेल तरी आधी हाच पोर्ट बघावा.

५ जून. टप्पा: रॉम

क्र. १ ते ५ लावले. क्र. १, २, ५ पुढे सरकले, क्र. ३ आणि ४ वर पीएक्सई-ई५३, म्हणजे पत्ता मिळाला पण बूट फाइलचे नाव मिळाले नाही. तेच दोन संगणक पुन्हा चालू केले तर एकदा चालतात, एकदा नाही. असा लहरी दोष दिसला की दुसरा डीएचसीपी सर्व्हर शोधावा.

टीसीपीडंपमध्ये एका मागणीला दोन ऑफर: एक १९२.१६८.१०.२ कडून, दुसरी १९२.१६८.१.१ कडून. कॉलेजचा राउटर लॅबच्या स्विचवर कसा आला? भिंतीवरच्या एका पॉइंटमधून पॅच कॉर्ड थेट लॅबच्या स्विचमध्ये खोचलेली निघाली. राउटरच्या ऑफरमध्ये पत्ता असतो, फाइलचे नाव नसते. रॉमने ती आधी उचलली की ई५३.

कॉर्ड काढली. शिवाय स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या डीएचसीपी ऑफर अडवण्याची सोय) चालू करून फक्त सर्व्हरचा पोर्ट विश्वासू ठरवला. आता कोणी मोबाइलचा हॉटस्पॉट किंवा घरचा राउटर आणून जोडला तरी त्याची ऑफर स्विचवरच अडेल.

७ जून. टप्पा: रॉम, टीएफटीपी

बूट फाइल म्हणून अनडीआयओनली.केपीएक्सई, म्हणजे बायोससाठीचा आयपीएक्सई, ठेवली, सुमारे ७० केबीची. डेबियनच्या आयपीएक्सई पॅकेजमध्ये ती तयार मिळते. क्र. २ वर पीएक्सई-ई३२, टीएफटीपी उघडता आले नाही. खात्रीसाठी लॅपटॉपवरून टीएफटीपीने तीच फाइल मागवली, तिथेही मुदत संपली. यावरून सर्व्हर बिघडला असे ठरवणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

टीएफटीपीची पहिली विनंती पोर्ट ६९ वर जाते. सर्व्हर उत्तर देतो ते मात्र एका नव्याच, वरच्या क्रमांकाच्या पोर्टवरून. लॅपटॉपच्या फायरवॉलला हे उत्तर अनोळखी वाटते आणि ती ते गिळते. सर्व्हर ठीक असतो, खोटे बोलत असतो तो लॅपटॉप. चाचणीपुरती लॅपटॉपची फायरवॉल उतरवावी, किंवा तिच्यात टीएफटीपी क्लायंटची सेवा चालू करावी. टीसीपीडंपमध्ये फक्त पोर्ट ६९ चा फिल्टर लावला तर एकच पॅकेट दिसते, आणि पुढे काही झालेच नाही असा समज होतो. संगणकाच्या मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर) फिल्टर लावावा, म्हणजे सगळे बोलणे दिसते.

क्र. २ ची खरी अडचण सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये होती: पोर्ट ६७ उघडा, ६९ बंद. उघडल्यावर फाइल गेली.

परवानगीचेही बघून ठेवावे. डीएनएसमास्क रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून चालत असला तरी तो तीच फाइल देतो जी सगळ्यांना वाचता येते. टीएफटीपी-सिक्युअर लावले असेल तर फाइलची मालकी डीएनएसमास्कच्या युजरकडे लागते.

डीएनएसमास्कच्या नोंदवहीत ‘एरर ८, युजर अबॉर्टेड’ अशी ओळ दिसून त्याच फाइलची ‘सेंट’ ओळ लगेच खाली असेल तर दुर्लक्ष करावे. काही फर्मवेअर आधी नुसता आकार विचारून फोन ठेवतात आणि मग खरी मागणी करतात.

८ जून. टप्पा: आयपीएक्सई

आयपीएक्सई आला, त्याने पत्ता मागितला, त्याला उत्तर मिळाले: अनडीआयओनली.केपीएक्सई आण. त्याने ती आणली, म्हणजे स्वतःलाच पुन्हा चालू केले, पुन्हा पत्ता मागितला. पहिले पाढे पंचावन्न. मागणारा रॉम आहे की आयपीएक्सई, हे डीएनएसमास्कला ओळखता आले पाहिजे. आयपीएक्सईच्या मागणीत पर्याय (माहितीचा क्रमांकित रकाना) १७५ असतो. डीएनएसमास्कच्या डीएचसीपी-मॅच या ओळीने तो दिसला की ‘आयपीएक्सई’ असा टॅग लावायचा. टॅग नसेल तर केपीएक्सई फाइल, टॅग असेल तर बूट स्क्रिप्टचा एचटीटीपी पत्ता.

यूईएफआयवाल्या आठ संगणकांवर दुसरेच दृश्य. ‘एनबीपी (म्हणजे बूट) फाइल यशस्वीपणे उतरली’ असा संदेश, आणि क्षणात परत बूट मेनू. फाइल उतरली हे खरे, पण ती बायोसची होती. यूईएफआयला ती चालवता येत नाही आणि तो तसे सांगतही नाही. मागणीतला पर्याय ९३ संगणकाचा प्रकार सांगतो: ० म्हणजे बायोस, ७ म्हणजे ६४ बिटचा यूईएफआय. ७ आणि ९ या आकड्यांचा नियमपत्रकात पूर्वी घोळ होता, म्हणून दोन्हींना यूईएफआयसाठीची आयपीएक्सई फाइल, एसएनपीओनली.ईएफआय, दिली.

यूईएफआयच्या सेटअपमध्ये चार गोष्टी कराव्या लागल्या. नेटवर्क स्टॅक चालू. आयपीव्ही६ चा पीएक्सई बंद, नाहीतर आधी तो आपला पूर्ण वेळ खातो आणि मग आयपीव्ही४ ची पाळी येते. फास्ट बूट बंद, कारण त्यात काही बोर्ड नेटवर्क जागेच करत नाहीत. आणि सिक्युअर बूट बंद, कारण आपली आयपीएक्सई फाइल सही केलेली नाही.

बूट स्क्रिप्टची पहिली ओळ हॅश, उद्गारचिन्ह आणि त्याला लागून आयपीएक्सई, अशीच हवी. तिच्या आधी एक अदृश्य चिन्हही चालत नाही. विंडोजच्या नोटपॅडमध्ये फाइल जतन करताना सुरुवातीला बीओएम हे अदृश्य चिन्ह चिकटले तर आयपीएक्सईला ती स्क्रिप्ट वाटतच नाही, आणि ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येते. फाइल सर्व्हरवरच नॅनो किंवा व्हीआयमध्ये लिहावी.

यूईएफआयवर कर्नल सुरू होऊन ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट’, पुढे शून्य-शून्य. म्हणजे कर्नलला इनिट्रॅमएफएस मिळालाच नाही. आयपीएक्सईच्या जुन्या आवृत्त्यांत यूईएफआयसाठी कर्नलच्या ओळीत इनिटआरडी बरोबर (= हे चिन्ह) फाइलचे नाव असे पुन्हा लिहावे लागते, खाली इनिटआरडीची वेगळी ओळ असली तरी. बायोसला त्याची गरज नाही. लिहिले तरी काही बिघडत नाही, म्हणून दोघांसाठी एकच स्क्रिप्ट ठेवली.

अडल्यास आयपीएक्सई सुरू होताना कंट्रोल-बी दाबावे. प्रॉम्प्टवर आयएफस्टॅट, डीएचसीपी, राउट या तीन आज्ञांत लिंक, पत्ता आणि गेटवे कळतात.

११ जून. टप्पा: इनिट्रॅमएफएस

संगणकांची सिस्टिम सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये डीबूटस्ट्रॅपने (फोल्डरमध्ये डेबियन बसवणाऱ्या प्रोग्रामने) तयार केली, त्यात एक्सएफसीई हा डेस्कटॉप. त्याच फोल्डरमध्ये क्रूट करून (त्यालाच मूळ फोल्डर मानून आत शिरून) इनिट्रॅमएफएसच्या फाइलमध्ये दोन बदल: मॉड्यूल्स बरोबर नेटबूट, आणि बूट बरोबर एनएफएस. मग अपडेट-इनिट्रॅमएफएस. पहिल्या बदलाने डिस्कचे ड्रायव्हर गळतात आणि फाइल आटोपशीर होते. नेटवर्क चिपला फर्मवेअर लागत असेल तर ते पॅकेज याच फोल्डरमध्ये आधी बसवावे. सर्व्हरवर बसवून संगणकांना काही उपयोग नाही.

कर्नलच्या ओळीत: रूट बरोबर डेव्ह/एनएफएस, एनएफएसरूटमध्ये सर्व्हरचा पत्ता, फोल्डर, आणि स्वल्पविराम देऊन आवृत्ती ३ व टीसीपी, आयपी बरोबर डीएचसीपी, आणि आरओ (फक्त वाचण्यासाठी). आवृत्ती ४ लिहू नये. डेबियनच्या इनिट्रॅमएफएसमध्ये माउंट करणारा (फोल्डर जोडून घेणारा) केलिबसीचा छोटा प्रोग्राम तिसऱ्या आवृत्तीच्या पुढे जात नाही. चालू सिस्टिममध्ये हाताने माउंट केले तर आवृत्ती ४ चालते, आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.

एनएफएस ३ ला पोर्ट २०४९ पुरत नाही. १११ वर आरपीसीबाइंड (कुठली सेवा कुठल्या पोर्टवर ते सांगणारा) आणि शिवाय माउंटडी (फोल्डर जोडायच्या विनंत्या घेणारा) लागतो, आणि माउंटडी दर वेळी नवा पोर्ट घेतो. एनएफएसच्या कॉन्फ फाइलमध्ये माउंटडीचा पोर्ट २००४८ असा बांधून टाकला आणि फायरवॉलमध्ये तिन्ही उघडले. एक्सपोर्ट्समध्ये (नेटवर्कवर द्यायच्या फोल्डरांच्या यादीत) बदल केला की एक्सपोर्टएफएस -आरए चालवायचे. फाइल नुसती जतन करून सर्व्हरला काही कळत नाही.

रूट फोल्डर फक्त वाचण्यासाठी दिले आहे, तरी नो-रूट-स्क्वॉश लागतेच. ते नसेल तर संगणकावरचा रूट हा सर्व्हरच्या नजरेत ‘नोबडी’ होतो आणि त्याला पासवर्डची शॅडो फाइल वाचता येत नाही. गंमत अशी की संगणक लॉगिनच्या पडद्यापर्यंत व्यवस्थित येतो, आणि बरोबर पासवर्डही चुकीचा म्हणतो.

१२ जून. टप्पा: सिस्टिम

तुलनेसाठी क्र. ६ ला जुन्या डिस्कवरची सिस्टिम आरसिंकने (फाइलच्या प्रती काढणाऱ्या प्रोग्रामने) उचलून दिली होती. तो ‘स्टार्ट जॉब’च्या ओळीवर दीड मिनिट थांबतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये पडतो. कारण एफस्टॅबमध्ये (जोडायच्या डिस्कच्या यादीत) जुन्या डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) तसाच. सिस्टिमडी (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) त्या डिस्कची ९० सेकंद वाट बघतो. डिस्क आणि स्वॅपच्या दोन्ही ओळी काढल्या की झाले. तरीही डीबूटस्ट्रॅपची नवी सिस्टिमच बरी, जुनीतला कचरा निस्तरण्यात वेळ जातो.

क्र. १ चे दुखणे अधिक खोल. डेस्कटॉप येतो, माउस हलतो, आणि मग सगळे गोठते. दुसऱ्या कन्सोलवर ‘एनएफएस सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू’. नेटवर्क मॅनेजर चालू होताच कार्ड आपले समजून खाली घेतो आणि नव्याने वर आणायला जातो. पण त्याच कार्डावर रूट फाइलसिस्टिम लोंबकळते आहे. वर आणायला लागणारा प्रोग्राम वाचायचा कुठून? बसल्या फांदीवरच कुऱ्हाड. संगणकाच्या नेटवर्क इंटरफेसेस फाइलमध्ये त्या कार्डाची ‘मॅन्युअल’ अशी ओळ लिहिली. डेबियनमध्ये तिथे लिहिलेल्या कार्डाला नेटवर्क मॅनेजर हात लावत नाही. कार्डाचे नाव बोर्डागणिक बदलते, म्हणून कर्नलच्या ओळीत नेट.आयएफनेम्स बरोबर शून्य दिले. आता सगळीकडे ईटीएच०.

१४ जून. टप्पा: सगळेच

आता २० संगणक एकाच रूटवर. तो वाचण्यापुरता, आणि लिहिणे रॅममधल्या ओव्हरलेवर (वर पसरलेल्या थरावर): ओव्हरलेरूट पॅकेज, कर्नलच्या ओळीत ओव्हरलेरूट बरोबर टीएमपीएफएस. खालचा थर एनएफएस चालतो. वरचा, म्हणजे लिहिण्याचा थर एनएफएसवर ठेवता येत नाही, तो रॅममध्येच हवा. संगणक बंद केला की सगळे पुसले जाते, लॅबला तेच हवे आहे. मुलांच्या होम फोल्डरसाठी वेगळे एक्सपोर्ट, सिस्टिम चालू झाल्यावर एनएफएस ४ ने. फायरफॉक्सचा कॅश एनएफएसवर राहू देऊ नये, तो रन फोल्डरमध्ये वळवला.

दुपारी क्र. १६ पासून पुढे पत्ते मिळेनात. डीएनएसमास्कच्या नोंदवहीत ‘नो अॅड्रेस अव्हेलेबल’. २० संगणकांना ३० पत्त्यांची मालिका पुरत का नाही? लीजची (मुदतीने दिलेल्या पत्त्यांची) फाइल उघडली तर एकाच मॅकचे दोन-दोन पत्ते. रॉम आपली ओळख यूयूआयडीवरून सांगतो, इनिट्रॅमएफएस फक्त मॅक देतो. डीएनएसमास्कच्या दृष्टीने हे दोन वेगळे पाहुणे. प्रत्येक संगणकासाठी डीएचसीपी-होस्टची ओळ लिहिली: मॅक, त्यात आयडी:* आणि ठरलेला पत्ता. आयडी:* म्हणजे सांगितलेली ओळख विसर, फक्त मॅक बघ. जुनी लीज फाइल पुसून डीएनएसमास्क पुन्हा चालू केला, नाहीतर ‘ठरलेला पत्ता दुसऱ्याकडे आहे’ म्हणून तो नवा नियम पाळत नाही.

लीजची मुदत इन्फिनिट केली. इनिट्रॅमएफएसने घेतलेला पत्ता पुढे कोणीच नव्याने मागून घेत नाही. तो प्रोग्राम आपले काम करून निघून गेलेला असतो आणि नेटवर्क मॅनेजरला आपणच दूर ठेवले आहे. डीएनएसमास्कची मूळ मुदत एक तास. तासाभराने सर्व्हरच्या लेखी पत्ता मोकळा, संगणक मात्र त्याच पत्त्यावर काम करतो आहे.

१८ जून. टप्पा: रॉम, फक्त क्र. १४

रॉमला लिंकच मिळत नाही, पीएक्सई-ई६१. याच जागी पूर्वी डिस्कवरून विंडोज आणि इंटरनेट चालत होते, म्हणून केबलवर कोणी संशय घेत नाही. केबल टेस्टर लावला: ७ आणि ८ ची जोडी तुटलेली.

१०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ या चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. वेग ठरवण्याची बोलणी मात्र पहिल्या दोन जोड्यांवरच होतात. त्यामुळे दोन्ही टोके गिगाबिट ठरवून मोकळी होतात आणि लिंक काही उभी राहत नाही. अशा वेळी खाली उतरून १०० वर जायची सोय कित्येक चिपमध्ये असते, तिला डाउनशिफ्ट म्हणतात. सिस्टिमचा ड्रायव्हर ती वापरतो; रॉममधला तुटपुंजा ड्रायव्हर वापरेलच असे नाही, वापरली तरी तेवढा वेळ थांबत नाही.

आरजे-४५ (केबलच्या टोकाचा कनेक्टर) कापून नवा क्रिंप केला. जुनी केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची निघाली: सोलल्यावर तारेचे टोक पांढरट, दोनदा वाकवले की तुटते. लॅबमधल्या अशा सगळ्या केबल शुद्ध तांब्याच्या कॅट-६ ने बदलायच्या आहेत. तोवर क्रिंपच्या जागी ताण येऊ द्यायचा नाही.

२१ जून. एकदम वीस

एकेक चालतो, वीस एकदम नाही. हिशेब असा. कर्नल आणि इनिट्रॅमएफएस मिळून सुमारे ४० एमबी. टीएफटीपी एक तुकडा पाठवतो, पोचपावतीची वाट बघतो, मग पुढचा. मूळ तुकडा ५१२ बाइटचा, म्हणजे ८१,९२० तुकडे. तुकड्याचा क्रमांक १६ बिटचा, ६५,५३५ ला संपतो. पुढे शून्यापासून मोजणे न जमणारे प्रोग्राम ३२ एमबीच्या आसपास अडकतात. तुकडा १,४६८ बाइटचा केला तर २८,५७२ फेऱ्या होतात. १,४६८ हाच आकडा का? इथरनेटच्या १,५०० मधून आयपीचे २०, यूडीपीचे ८ आणि टीएफटीपीचे ४ वजा. यापेक्षा मोठा तुकडा फुटून जातो, आणि फुटलेले तुकडे जोडणे रॉमना झेपत नाही. फेरीला एक मिलिसेकंद धरला तरी अर्धे मिनिट. एक पॅकेट हरवले की त्यावर आणखी काही सेकंद.

म्हणून टीएफटीपीवर फक्त आयपीएक्सई ठेवला. कर्नल आणि इनिट्रॅमएफएस एन्जिनएक्स या वेब सर्व्हरवरून एचटीटीपीने. वीस संगणकांचे ८०० एमबी एका गिगाबिट केबलवरून दहा सेकंदांच्या आतबाहेर जायला हरकत नसते. काही वितरणांत कर्नलची फाइल फक्त रूटला वाचता येते, तेव्हा एन्जिनएक्स ४०३ देतो आणि आयपीएक्सई ‘परमिशन डिनाइड’ म्हणतो. एचटीटीपीच्या फोल्डरमधल्या प्रती सगळ्यांना वाचता येतील अशा ठेवाव्यात.

एनएफएसचे धागे (एकाच वेळी विनंत्या हाताळणारे) मुळात ८. ते ३२ केले. पहिल्या एक-दोन संगणकांनी वाचलेल्या फाइल सर्व्हरच्या रॅममध्ये राहतात, त्यामुळे बाकीच्यांचा भार एसएसडीवर पडत नाही. १६ जीबी रॅमचा खरा उपयोग इथे.

२६ जून. वीज गेल्यावर

पावसात वीज गेली, आली. सगळे संगणक ‘बूट करण्याजोगे काही नाही’वर उभे. संगणक सर्व्हरच्या आधी जागे होतात, ६० सेकंद मागतात आणि थांबतात. संगणकांच्या बायोसमध्ये वीज परतल्यावर ‘बंद राहा’ असे केले. सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर घेतले. स्विच विसरू नये. त्याला उभे राहायला सर्व्हरइतकाच वेळ लागतो.

सर्व्हर पुन्हा चालू केल्यावर डीएनएसमास्क पडलेला: कार्ड सापडत नाही. कार्ड उभे राहण्याआधीच तो सुरू झाला होता. बाइंड-इंटरफेसेसच्या जागी बाइंड-डायनॅमिक लिहिले, म्हणजे कार्ड नंतर आले तरी तो धरून घेतो.

क्र. ९ आणि १२ तरीही नेटवर्ककडे वळत नाहीत. सेटअपमध्ये तारीख मागे गेलेली, लॅन बूट रॉम बंद. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला. वीज पूर्ण गेली की सेटअप मूळपदावर येतो आणि मूळपदी लॅन रॉम बंदच असतो. मल्टिमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, हे दोन बरेच खाली. बारा जुन्या संगणकांचे सेल एकदम बदलले. एकेक मरायची वाट बघण्यापेक्षा ते स्वस्त.

सकाळी संगणक चालू करायला वेक-ऑन-लॅनची स्क्रिप्ट: पाच संगणक, दहा सेकंद थांब, पुढचे पाच. पॅकेट साधे, सहा वेळा एफएफ आणि मग मॅक सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. बायोसमध्ये ईआरपी (वीज बचतीची सेटिंग) बंद हवे, नाहीतर बंद संगणकात कार्डाला वीजच मिळत नाही. वीज पूर्ण जाऊन आल्यावर काही बोर्ड हे पॅकेट ऐकत नाहीत. ते एकदा बटणाने चालू करावे लागतात. क्र. ३, ७ आणि ११ तसले आहेत, त्यांवर पिवळी चिकटपट्टी लावली.

२ जुलै. अपडेट

रूट फोल्डरमध्ये बदल करताना एकही संगणक चालू नको. ओव्हरलेच्या खालचा थर पायाखालून बदलला तर काय होईल याची हमी नाही: कधी अर्ध्या फाइल, कधी न उघडणारे प्रोग्राम. क्रम असा: सगळे बंद, फोल्डरची प्रत, प्रतीत क्रूट करून एपीटी अपग्रेड, नवे कर्नल आणि इनिट्रॅमएफएस दोन्ही एचटीटीपीच्या फोल्डरमध्ये, मग बूट स्क्रिप्टमध्ये प्रतीचा मार्ग. एका संगणकावर चाचणी, मग सगळ्यांवर.

कर्नल बदलला आणि एचटीटीपीवर जुनाच राहिला तर संगणक बूट होतो, नेटवर्कही चालते, कारण ते ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमध्ये असतात. आवाज नाही, पेनड्राइव्ह नाही, पडदा जाडाभरडा. युनेम -आर चा आकडा (चालू कर्नलची आवृत्ती) आणि मॉड्यूल्सच्या फोल्डरचे नाव जुळते का, एवढे बघितले की निकाल लागतो.

बाकी: क्र. १४ च्या रांगेतल्या केबल बदलणे, क्र. ७ ला बटणाशिवाय जागे करण्यासाठी बोर्डाच्या बायोसची नवी आवृत्ती घालून बघणे. सर्व्हरच्या यूपीएसची बॅटरी पूर्ण भारावर किती वेळ टिकते ते मोजून इथे लिहिणे.